वाचनालयाला कुलूप घालणारे राज्य

महाराष्ट्र सरकारने राज्यातील ग्रंथालये उघडण्यास परवानगी दिली ती १५ ऑक्टोबर २०२० रोजी. त्याआधी दहा दिवस, ५ ऑक्टोबरला, हॉटेले आणि बार निम्म्या क्षमतेने सुरू झाले होते. मॉल ५ ऑगस्टलाच उघडले होते आणि दारूची दुकाने तर ४ मेपासून उघडत गेली होती. आधी बाटली, मग बाजार आणि त्यांच्या मागून पुस्तक, असा क्रम या राज्याने कोरोनाच्या काळात लावला. नाट्यगृहे, चित्रपटगृहे आणि देवळे ग्रंथालयांच्याही नंतर उघडली, असे उत्तर आम्हाला कोणी देऊ नये. नाटकाला आणि दर्शनाला गर्दी लोटते. वाचनालयात माणूस एकटा येतो, पुस्तक घेतो आणि एकटा परत जातो. एवढा साधा फरक ज्यांना कळला नाही, त्यांच्या हाती तेव्हा आपला कारभार होता.

१५ ऑक्टोबर ही तारीखही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. डॉ. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. वाचनाची प्रेरणा द्यायची ती त्या एका दिवशी, परिपत्रक काढून, फोटो काढून. त्याआधीचे सात महिने वाचनालयाच्या दाराला कुलूप आणि आत पुस्तकांना वाळवी. याला वाचन प्रेरणा म्हणत असतील, तर त्या शब्दाची विटंबना करण्यात सरकारनेच सर्वांवर ताण केली असे आम्ही म्हणतो.

पुस्तकांचेच काय, वर्तमानपत्रांचेही तेच झाले. एप्रिल २०२० मध्ये सरकारने घरोघर वृत्तपत्र टाकण्यास बंदी घातली. ओरड झाल्यावर ती मुंबई व पुणे परिसरापुरती आणि प्रतिबंधित क्षेत्रांपुरती ठेवली, पण ठेवलीच. मे महिन्याच्या मध्यावर दारू घरपोच देण्यास परवानगी मिळाली. वृत्तपत्र घरपोच देण्याची मोकळीक मिळायला ७ जून उजाडला. बाळशास्त्री जांभेकरांच्या, टिळकांच्या आणि आगरकरांच्या महाराष्ट्रात दारूची बाटली बातमीच्या आधी उंबऱ्याशी पोहोचली! महसूल बुडत होता, असे कारण तेव्हा सांगितले गेले. राज्याला पैसा लागतो हे आम्हालाही कळते. पण जे सरकार तिजोरीसाठी नियमांत वाट काढू शकते, त्याला वाचकासाठी वाट काढता येत नव्हती, हे आम्ही मान्य करणार नाही. वाट होती. काढायची इच्छा नव्हती.

आमच्या म्हणण्याचा कोणी विपर्यास करू नये. साथ खरी होती. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले रुग्ण पुण्यातच आढळले आणि पुढच्या दोन वर्षांत या जिल्ह्याने किती चिता पाहिल्या हे आम्हाला ठाऊक आहे. डॉक्टर, परिचारिका, आशाताई, स्मशानातले कामगार यांनी जिवावर उदार होऊन काम केले. मार्च महिन्यात, रोग कसा पसरतो हेच कळत नसताना, सगळी दारे बंद केली यात आम्ही दोष काढत नाही. आमचा आरोप त्यानंतरच्या महिन्यांबद्दल आहे. जूनमध्ये ‘पुनश्च हरिओम’ म्हणून एकेक व्यवहार मोकळा होऊ लागला, तेव्हा प्रत्येक धंद्यासाठी स्वतंत्र विचार झाला. केशकर्तनालयांसाठी नियम झाले, हॉटेलांसाठी झाले, बारसाठी झाले. ग्रंथालयासाठी मात्र मध्यम मार्गच नव्हता. पूर्ण बंद, आणि ऑक्टोबर उजाडला की एकदम परवानगी.

ग्रंथालय म्हणजे काय, हे ठरवणाऱ्यांना माहीत असते तर असे झाले नसते. ग्रंथालयाला दोन अंगे असतात. एक वाचनकक्ष आणि अभ्यासिका. तिथे माणसे तासन्‌तास बसतात. दुसरे देवघेव, तिथे सभासद येतो, जुने पुस्तक परत करतो, नवे घेतो आणि निघतो. पहिले अंग साथीत मिटावे लागते, हे मान्य. दुसरे मिटण्याचे कारण काय? खिडकीतून किराणा देता येतो, तसे खिडकीतून पुस्तकही देता येते. सभासदाने आदल्या दिवशी फोनवर नाव सांगावे, ग्रंथपालाने पुस्तक काढून ठेवावे, परत आलेले पुस्तक तीन दिवस वेगळ्या कपाटात ठेवून मग फडताळात लावावे. जगभरच्या अनेक ग्रंथालयांनी २०२० च्या उन्हाळ्यापासून नेमके हेच केले. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जाहीर केले की, विषाणू असलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी आहे. रोग हवेतून, बंद खोलीतून, गर्दीतून पसरत होता. पुस्तकाची देवघेव हा त्या काळातल्या सर्वांत निर्धोक व्यवहारांपैकी एक होता आणि तोच आपण बंद ठेवला.

बरे, दार उघडल्यावर तरी काय झाले? ज्या वाचकांनी त्या हिवाळ्यात ग्रंथालयाची पायरी चढली, त्यांना ते दृश्य आठवत असेल. दारात तापमान मोजण्याची बंदूक, हातावर सॅनिटायझर, वहीत नाव आणि फोन नंबर. खुर्च्या निम्म्याहून कमी. टेबलावरची वर्तमानपत्रे उचललेली. जिथे कपाटाजवळ जाऊन पुस्तक चाळण्याची मुभा होती, तिथे दोरी बांधलेली. ही काळजी गैर होती असे आम्ही म्हणत नाही; ग्रंथालय सेवकांनी ती मनापासून घेतली, पुष्कळ ठिकाणी पदरमोड करून घेतली. पण सरकारी सूचनांत आणखी एक ओळ होती. ६५ वर्षांवरील ज्येष्ठांनी आणि १० वर्षांखालील मुलांनी घरीच राहावे. आता विचार करा. गावोगावच्या वाचनालयाचा आधार कोण? पेन्शनीत निघालेले आजोबा, दुपारची कादंबरी न्यायला येणाऱ्या आजी आणि गोष्टीच्या पुस्तकांसाठी धावत येणारी पोरे. या सगळ्यांनाच घरी बसवले, तर त्यांच्या घरी पुस्तक पोहोचवणे हे कोणाचे काम होते? सूचना लिहिणाऱ्यांनी वयाची अट घातली आणि जबाबदारी तिथेच संपवली. घरी बसलेल्या म्हाताऱ्याला औषध मिळते की नाही हे निदान विचारले गेले. त्याचा एकटेपणा कशाने सुसह्य होईल, हे विचारण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

हे शहराचे. आता राजगडाच्या पायथ्याशी या.

गुंजवणे हे गाव अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते राजगडाच्या वाटेमुळे. पुणे-सातारा रस्त्यावरून नसरापूरला आत वळायचे, मार्गासनीहून साखर ओलांडायचे की गुंजवणे येते. तिथून चोरदरवाजाची वाट पद्मावती माचीवर चढते. दर शनिवारी-रविवारी शहरातून गाड्या येतात, गडावर घोषणा होतात, संध्याकाळी गाड्या परत जातात. मागे उरते ते गाव, त्याची भातखाचरे, त्याची म्हातारी माणसे आणि त्याची शाळेत जाणारी मुले. २०२० च्या उन्हाळ्यात कामधंद्यासाठी शहरात गेलेली माणसे या खोऱ्यातल्या गावांत परत आली. त्यांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलेही होती. पुण्यातली खोली सोडलेली, पुस्तके तिकडेच अडकलेली, अभ्यासिकेला कुलूप. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे जात जात अखेर २१ मार्च २०२१ ला झाली. ते सबंध वर्ष भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या उमेदवाराने अभ्यास कशावर करायचा होता?

मोबाइलवर, असे उत्तर सरकारने दिले. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी घोषणा झाली. या डोंगराळ पट्ट्यात पावसाळ्यात वीज किती तास असते आणि रेंज कोणत्या टेकाडावर चढल्यावर येते, हे घोषणा करणाऱ्यांनी एकदा इथे राहून पाहायला हवे होते. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्याला झोडपले, विजेचे खांब आडवे केले. ज्या घरात एकच साधा फोन, तोही बापाच्या खिशात, तिथल्या तिसरीतल्या मुलीने शिक्षण कुठून डाऊनलोड करायचे? पुस्तकाला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही, महिन्याचा रिचार्ज लागत नाही. संकटात जे साधन सर्वांत आधी हाताशी यावे, ते आपण सर्वांत आधी काढून घेतले.

ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग भरले १ डिसेंबर २०२१ रोजी. मार्च २०२० पासून मोजा. वीस महिन्यांहून अधिक काळ होतो. जी मुले नुकती अक्षरे जुळवू लागली होती, त्यांच्यापैकी कित्येकांच्या हाती या काळात छापील ओळ क्वचितच आली. परिणाम लपून राहिला नाही. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीनुसार दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. या घसरणीचा सगळा दोष ग्रंथालयांच्या कुलपाला देण्याएवढे आम्ही अविचारी नाही. पण शाळा बंद असताना मुलाच्या हाती पुस्तक देऊ शकणारी गावातली दुसरी जागा कोणती होती? आणि तिला कुलूप कोणी लावले?

दुसऱ्या राज्यांनी काय केले तेही आरशात पाहू. शेजारच्या कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या पाच हजारांहून अधिक ग्रंथालयांकडे सरकारने याच काळात नव्याने लक्ष दिले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ‘ओदुव बेळकु’ मोहीम सुरू करून गावातल्या मुलांना ग्रंथालयाचे सभासदत्व फुकट दिले. केरळात ज्यांच्या घरी दूरदर्शन संच नव्हता, अशा मुलांना गावच्या वाचनालयात बसवून वर्ग दाखवले. तिथे साथ आली तेव्हा वाचनालय कामाला लागले. इथे साथ आली तेव्हा वाचनालय अडगळीत गेले.

आणि दुसऱ्या राज्यांकडे तरी का पाहावे? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला आणि त्याने १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती फिरती ग्रंथालये म्हणून खेड्यांत पाठवली जात. पेटी गावात जायची, गाव वाचायचे, पेटी परतून दुसरी यायची. वाचकाने शहरात यायची गरज नाही, गर्दी नाही. साथीच्या काळाला याहून योग्य व्यवस्था आजच्या कोणत्या सल्लागाराला सुचली असती? शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाने बैलगाडी आणि आगगाडीच्या काळात जे केले, ते एसटीचे आगार, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि टपाल खाते हाताशी असलेल्या सरकारला २०२० मध्ये करता आले नाही. पेट्या कमी पडल्या नाहीत. सयाजीराव कमी पडले.

हे असे का झाले, याचे मूळ साथीच्या आधीचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक यांनी ग्रंथालयांसाठी कायद्यानेच उपकर बसवला. आपल्या कायद्यात तो नाही. त्यामुळे राज्यातली हजारो शासनमान्य ग्रंथालये दरवर्षी अनुदानाच्या तोंडाकडे पाहत जगतात. साथ आली तेव्हा सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाचे अनुदान होते ३०,००० रुपये. महिन्याला अडीच हजार. त्यात पुस्तके, त्यातच वर्तमानपत्रे, त्यातच वीजबिल आणि त्यातच ग्रंथपालाचे मानधन! ४ मे २०२० रोजी, म्हणजे दारूची दुकाने उघडली त्याच तारखेला, वित्त विभागाने खर्चाला ६७ टक्क्यांची कात्री लावली. वर्गणी बंद, अनुदान रखडलेले, आणि पगार कुठून द्यायचा या चिंतेत बसलेला सेवक. पुढे २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली; तरी ‘ड’ वर्गाच्या पदरात महिन्याला चार हजारच पडले. २०१२ मध्ये झालेल्या ग्रंथालयांच्या पडताळणीनंतर नव्या ग्रंथालयांची मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षे अडवून ठेवली ती वेगळीच. काही संस्थांनी कागदोपत्री ग्रंथालये चालवली हे खरे. त्यांना जरूर शिक्षा करा. पण चोर सापडले म्हणून सावकारापासून सालगड्यापर्यंत सगळ्यांचेच दार बंद करणे हा न्याय नव्हे.

साथ येताच १३ मार्च २०२० रोजी सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. प्लेगच्या काळातला, इंग्रजांनी केलेला, सव्वाशे वर्षांचा कायदा झटक्यात कपाटातून निघाला, कारण त्यात सत्तेला अधिकार होते. १९६७ चा ग्रंथालय कायदा कपाटातच राहिला, कारण त्यात सत्तेवर कर्तव्य होते. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली, ‘ब्रेक द चेन’चे आदेश निघाले, तेव्हाही अत्यावश्यक सेवांच्या यादीत ग्रंथालय नव्हते. पहिल्या वर्षाची चूक अज्ञानाची म्हणू. दुसऱ्या वर्षाची बेपर्वाईची होती.

आता राजगडाकडे पुन्हा वळतो, कारण सरकारच वारंवार त्याकडे बोट दाखवते. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड तालुका करण्यास मंजुरी दिली. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसह राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. दोन्ही गोष्टींचा आम्हाला अभिमान आहे. पण ज्या गडावरून सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार लेखणीने आणि तलवारीने चालला, त्याच्या पायथ्याच्या मुलामुलींना त्या गडाचा इतिहास वाचायला कुठे मिळतो, हा प्रश्न नाव बदलणाऱ्यांनी स्वतःला विचारला काय? गुंजवण्याचा मुलगा पाहुण्यांना गडाची वाट दाखवतो. त्या गडाबद्दल लिहिलेले साधन-ग्रंथ पुण्याच्या पेठांत, पन्नास-साठ किलोमीटरवर. पानशेतचे पाणी याच तालुक्यातून पुण्याच्या नळाला जाते. पाणी खाली जाते, तशी पुस्तके वर येऊ द्या, एवढेच मागणे आहे. नाव बदलून वारसा जपला जात नाही. वाचणारी पिढी असेल तरच तो टिकतो.

म्हणून आम्ही सरकारकडे काकुळतीने विनंती करत नाही, हक्काने मागणी करतो. पहिली: ग्रंथालयातील देवघेव ही अत्यावश्यक सेवा म्हणून राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात लिहा. वाचनकक्ष बंद करावा लागला तरी पुस्तकाची खिडकी बंद होणार नाही, असा नियम आजच करा; पुढची साथ आल्यावर नव्हे. दुसरी: ज्या वयाच्या माणसांना घरी थांबायला सांगाल, त्यांच्या घरी पुस्तक पोहोचवण्याची व्यवस्था त्याच आदेशात लिहा. तिसरी: भोर, राजगड, मुळशी अशा डोंगरी तालुक्यांसाठी फिरत्या ग्रंथपेट्या सुरू करा, एसटीने न्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरवा, गावच्या सुशिक्षित तरुणाला मानधन देऊन सोपवा. चौथी: १९६७ च्या कायद्यात दुरुस्ती करून ग्रंथालयांसाठी कायमचा निधी उभारा आणि ग्रंथपालाला सन्मानाने जगता येईल एवढे वेतन द्या. यातल्या कोणत्याही मागणीला परदेशी तज्ज्ञ लागत नाही आणि एखाद्या उड्डाणपुलाएवढा पैसाही लागत नाही.

वाचकांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. दारूची दुकाने उघडावीत म्हणून दबाव आला, बार उघडावेत म्हणून शिष्टमंडळे गेली. ग्रंथालये उघडा म्हणून रस्त्यावर किती आलो? ग्रंथालय संघांनी निवेदने दिली, काही अभ्यासू तरुणांनी आवाज उठवला; उरलेला सुशिक्षित महाराष्ट्र गप्प बसला. जो वाचक आपल्या वाचनालयासाठी तोंड उघडत नाही, त्याच्या वाचनालयाला कोणतेही सरकार किंमत देणार नाही. साहित्य संमेलनाच्या मांडवात टाळ्या वाजवणे सोपे आहे. गावच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाची वर्गणी भरणे, त्याच्या सभेला जाणे, आमदाराला अनुदानाबद्दल जाब विचारणे यातच खरे मराठीप्रेम आहे.

पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल एवढे नक्की. त्या दिवशी दारूच्या दुकानाआधी वाचनालयाची खिडकी उघडी असली पाहिजे. तशी ती असावी असे वाटत असेल, तर आज आपल्या गावच्या वाचनालयाचे सभासद व्हा आणि येत्या निवडणुकीत दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो गुंजवण्यात येवो की पुण्यात, एकच विचारा: आमच्या वाचनालयासाठी तुम्ही काय केले? उत्तर नसेल, तर त्याला तुमचे मत मागण्याचा अधिकार नाही.